आठ वर्षांची सपाट रेघ

"काका, जरा थांबता का? मला सगळ्यांना एक दाखवायचंय," मी म्हणाले. उपाध्येकाकांनी वहीवरचं बोट न उचलता चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

पाडव्याची संध्याकाळ होती. काकांच्या ओसरीत सतरंजीवर पंधरा-सोळा माणसं बसली होती, बहुतेक सगळी साखर कारखान्यातली, काही निवृत्त, काही निवृत्तीला टेकलेली. कडुलिंबाची चटणी तोंडं वाकडी करून खाऊन झाली होती. काकांचं वाचन अर्ध्यावर आलं होतं.

हे वाचन आमच्या गावाशिवाय दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही. शांतिनाथ उपाध्ये म्युच्युअल फंडांचे एजंट. त्यांचे वडील पाडव्याला गावाला नव्या वर्षाचं पंचांग वाचून दाखवायचे. काकांनी पंचांग सोडलं, वाचन मात्र सोडलं नाही. दर पाडव्याला ते आपल्या गिऱ्हाइकांना बोलवायचे आणि एकेका फंडाला सरतं वर्ष कसं गेलं ते त्याच सुरात वाचायचे. "या फंडास वर्ष मध्यम. पूर्वार्ध कष्टाचा. दिवाळीनंतर लाभ." माणसं माना डोलवायची. कोणाचे किती पैसे आहेत हे मात्र ते चारचौघांत कधी बोलायचे नाहीत. ते विचारायला दुसऱ्या दिवशी एकटं जायचं.

त्या वर्षी अण्णांची, म्हणजे माझे वडील बाळगोंडा यांची, दुपारी चारची पाळी होती. ते कारखान्याच्या काट्यावर कारकून होते. उसाच्या गाड्या तोलायच्या आणि पावत्या फाडायच्या हे त्यांचं काम. गळीत हंगाम चालू असताना त्यांना पाडवा काय आणि दिवाळी काय. म्हणून त्यांच्या जागी मी आले होते, पुण्याहून दोन दिवसांची सुट्टी काढून, पाठीवर लॅपटॉपची बॅग अडकवून. इंजिनिअर होऊन तीन वर्षं झाली होती. आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याच्या वयात मी होते आणि तसं वाटून घ्यायला मी मुळीच काचकूच करत नव्हते.

"दाखव की," काका म्हणाले. "काय आणलंयस?"

मी स्टुलावर लॅपटॉप ठेवला, इंटरनेटची काडी खोचली आणि स्क्रीन सगळ्यांकडे वळवला. गेले तीन आठवडे मी जेवणाच्या सुट्टीत हेच करत होते. ऑफिसातली पोरं फंडांबद्दल बोलायची, आणि आपल्या घरचे पैसे कुठे आहेत तेसुद्धा मला धड ठाऊक नव्हतं. शोधता शोधता एकाहून एक साइट सापडत गेल्या. एकीवर फंडांना चांदण्या दिलेल्या, दुसरीवर नुसत्या आकड्यांची जत्रा. शेवटी एक अशी सापडली की हवे ते फंड यादीतून निवडायचे, तारीख घालायची, बटण दाबायचं, की सगळ्यांच्या रेघा एकाखाली एक उमटतात. त्या पहिल्यांदा उमटल्या तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. मग मी आमचा फंड घातला आणि आनंद गेला.

"ह्या चार रेघा बघा," मी म्हणाले. "चारही एकाच जातीचे फंड. ह्या तीन रेघा वर गेल्यात. आणि ही तांबडी आमची. अण्णांनी आठ वर्षांपूर्वी काकांच्या सांगण्यावरून पैसे ठेवले तेव्हा युनिटचा भाव सोळा रुपये होता. आज अठरा आहे. आठ वर्षांत दोन रुपये. बाकीच्यांचे अडीचपट, तिप्पट झालेत."

काका उठून स्टुलाजवळ आले, वाकले, डोळे बारीक करून त्या तांबड्या रेघेकडे बघत राहिले. ती मध्येमध्ये ठेच लागल्यासारखी खाली येत होती.

"हे जे खाली आलंय ना पद्मा, ते..." ते बोलायला लागले आणि थांबले. त्यांनी बसलेल्या माणसांवरून नजर फिरवली. "हे तू अण्णांना विचार."

"अण्णांना काय विचारू? पैसे अण्णांनी दिले, फंड तुम्ही सुचवला."

"मी सांगतोय ना. घरी जाऊन अण्णांना विचार. मग माझ्याकडं ये."

"काका, उत्तर नसलं की माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवतो," मी म्हणाले. हे वाक्य मी तिथे बोलले. आज लिहितानाही कानशिलं तापतात, पण बोलले ते बोलले.

काकांचं तोंड उतरलं. ते जाग्यावर जाऊन बसले.

तेवढ्यात सुशीला कांबळे पुढे सरकल्या. कारखान्याच्या दवाखान्यात तीस वर्षं काढलेल्या या बाईंना सगळा गाव नर्सबाई म्हणायचा. तीन वर्षांपूर्वी निवृत्त होताना हातात आलेलं सगळं त्यांनी काकांच्या स्वाधीन केलं होतं. मागे-पुढे कोणी नव्हतं.

"उपाध्ये, तोच फंड माझाबी हाय," त्या म्हणाल्या.

"आहे की."

"आणि मागच्या खेपेला मी एकटी आलते तेव्हा तुम्ही मला वाढलेत म्हणून सांगितलंत. मग ते काय होतं?"

"ते खरंच होतं, नर्सबाई. तुमचं वाढलंय."

"तोच फंड, आणि हिचं वाढलं न्हाई, माझं वाढलं. असं कसं?"

काकांनी वही मिटली. "उद्या कागद घेऊन या. समजावून सांगतो."

"समजावायचं काय त्यात? डोळ्यांना दिसतंय," नर्सबाई म्हणाल्या. "सोमवारी येते मी. पैसे काढायचा फॉर्म तयार ठेवा, सही करते. पद्मा, त्या तिघांतला पहिला कुठला ते मला लिहून दे."

मी लिहून दिलं. छान, वळणदार अक्षरात. आणखी दोघांनी तिथेच आपले फॉर्म मागितले. त्या वर्षीचं वाचन पुरं झालंच नाही.

अण्णा रात्री पाळीवरून आले तेव्हा मी झोपले होते. सकाळी चहाच्या वेळी मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी रंगवून. माझी अपेक्षा होती की ते काकांवर तरी चिडतील किंवा मला तरी शाबासकी देतील. त्यांनी कप खाली ठेवला.

"चारचौघांत बोललीस?"

"हो. सगळ्यांचेच पैसे आहेत."

"शांतिनाथ काय म्हणाला?"

"म्हणाले, अण्णांना विचार."

"दाखव मला ती रेघ," अण्णा म्हणाले.

मी दाखवली. अण्णांना कॉम्प्युटर येत नव्हता, पण आयुष्यभर काट्यावर बसलेला माणूस होता, आकडा कुठे हलला ते त्यांना लगेच दिसायचं. त्यांनी पहिल्या खळग्यावर बोट ठेवलं.

"हा ऑगस्ट आहे का? तू कॉलेजला गेलीस त्या वर्षीचा?"

मी बाण नेऊन बघितलं. ऑगस्टच होता.

"ह्याच्या पुढचा जुलै असेल. तिसरा परत ऑगस्ट. आणि हा चौथा जुलैचा."

चारही बरोबर निघाले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुम्हाला कसं माहीत?"

"फंडाच्या नावात शेवटी काय लिहिलंय ते वाच."

मी वाचलं. नाव लांबलचक होतं आणि शेवटी 'डिव्हिडंड' असा शब्द होता. बाकीच्या तिघांच्या नावाशेवटी 'ग्रोथ' होता. नावाच्या शेपटाला चिकटलेले असले शब्द मी कधी मनावरच घेतले नव्हते. गावाच्या नावापुढे बुद्रुक-खुर्द असतं तसं काहीतरी असेल, एवढाच माझा समज.

"माझा फंड जे कमवायचा त्यातला वाटा वर्षाला काढून हातात द्यायचा," अण्णा म्हणाले. "दिला की भाव तेवढा खाली यायचा. त्या दुसऱ्यांनी काही काढलं नाही, सगळं आत ठेवलं. म्हणून ते वर गेलेत. काट्यावर भरलेली गाडी तोलतात, मग ऊस उतरला की रिकामी गाडी तोलतात. तू तिघांच्या भरलेल्या गाड्या तोललीस आणि आपली रिकामी."

"मग ऊस कुठे उतरवला?" मी विचारलं. मला अजूनही कळलं नव्हतं. इंजिनिअर झालेल्या पोरीला खरं म्हणजे त्या चार महिन्यांवरूनच कळायला हवं होतं.

अण्णांनी खिडकीकडे बघत सांगितलं, "सांगलीत. तुझ्या कॉलेजात."

ते पैसे आईचे होते. तिच्या माहेरचा प्लॉट विकून आलेले. मी दहावीत असताना आई गेली. जाण्याआधी तिने अण्णांकडून वचन घेतलं होतं की कारखान्याची क्वार्टर सोडायची वेळ येईल तेव्हा त्यातून घर बांधायचं, दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. बारावीनंतर इंजिनिअरिंगची फी कळल्यावर मीच अण्णांना बजावलं होतं की आईच्या पैशातून भरणार असाल तर मी साधं बी.एस्सी. करते. अण्णा म्हणाले होते, नाही गं, कारखान्याचा बोनस येतो त्यातून भरतो. चार वर्षं दर पावसाळ्यात बोनस आला. आमच्या कारखान्याचा बोनस दिवाळीला येतो हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी मला एकदाही शंका आली नाही. फी भरली गेली होती ना, मग माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

"मुद्दल तसंच आहे," अण्णा म्हणाले. "त्याला हात लावला नाही. तुझी फी संपल्यावर आलेले वाटेही घरासाठी बाजूला ठेवलेत. शांतिनाथलाच विचारलं होतं, वचनही मोडायचं नाही आणि पोरगीही शिकली पाहिजे, असं काही आहे का तुझ्याकडं? त्यानं हे सुचवलं. म्हणाला, वाटा दर वर्षी मिळेलच असं नाही, आणि घर काही व्हायचं नाही ह्यात. मी म्हटलं चालेल. आणि हे कुणाला सांगू नकोस म्हणालो. लोक म्हणतील, बायकोच्या पैशावर डोळा ठेवला."

मी रडले. लपवण्यासारखं त्यात काही नाही. आधी अण्णांसाठी रडले आणि मग ओसरीतलं ते वाक्य आठवून जास्त रडले.

दहा वाजता मी काकांच्या घरी गेले. ते टेबलाशी बसले होते, पुढे पैसे काढायचे तीन कोरे फॉर्म होते. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले.

"ते राहू दे. मला राग आलाय तुझा."

"यायलाच पाहिजे काका. माझं चुकलं."

"तीस वर्षांत मला कोणी असं बोललं नव्हतं. मी काही फुकट काम करत नाही, कंपनी मला कमिशन देते, ते मी सगळ्यांना सांगतो. पण खोटं वाचलं नाही कधी." त्यांनी फॉर्म बाजूला सारले. "काल रात्री झोप नाही लागली. त्या तुझ्या रेघा बघून मलाच वाटलं, आपल्या हातून काही राहिलं की काय. असला तक्ता मी कधी बघितलाच नव्हता."

"तुम्ही तिथंच का नाही सांगितलंत?"

"तुझ्या बापानं सांगू नको म्हटलं होतं."

एवढंच. बाकी स्पष्टीकरण नाही. मी मान खाली घालून म्हणाले, "मी माफी मागायला आलेय."

"इथं आत मागून काय करू मी तिचं? बोललीस ओसरीत. सोमवारी नर्सबाई येणार सही करायला. त्या बाईचे पैसे आहेत त्या जागी चांगले आहेत, आणि माझ्यावरचा विश्वास उडाला म्हणून ती काढणार. मी समजावलं तर म्हणेल, उपाध्ये आता सारवासारव करतोय."

"मी उद्या सगळ्यांसमोर सांगते."

"काय सांगशील? रेघ का खाली आली, हे सांगायला लागेल. कुणी विचारलं की पैसे कुठं गेले, तर?"

तिथेच सगळं अडलं होतं. अण्णांचं गुपित उघडं केल्याशिवाय काकांचं नाव धुऊन निघत नव्हतं. घरी येऊन मी अण्णांना तसं सांगितलं. मी त्यांना काही मागितलं नाही. ते "हूं" म्हणाले आणि पाळीवर निघून गेले.

रविवारी सकाळी मी घरोघर जाऊन सगळ्यांना पुन्हा ओसरीत बोलावलं. नर्सबाई यायला तयार नव्हत्या. "मला आता काय बघायचं न्हाई," म्हणाल्या. मी त्यांच्या पायरीवर बसून राहिले तेव्हा चप्पल घालून आल्या. अण्णांची पाळी दुपारची होती. ते इस्त्रीचा शर्ट घालून आधीच येऊन बसले होते, दाराजवळ, एकटे.

मी उभी राहिले. "परवा मी जे दाखवलं ते चुकीचं होतं," मी म्हणाले. "आणि काकांना जे बोलले ते त्याहून चुकीचं होतं." मग जमेल तसं समजावलं. एकाच फंडाचे दोन प्रकार असतात, एक आमच्यासारखा, दर वर्षी वाटा हातात देणारा, एक आत ठेवून वाढवणारा. तुलना करायची तर सारख्याशी सारखं लावायला पाहिजे. मी यादीतून पुन्हा सगळे फंड निवडले, ह्या वेळी सगळे वाढीचे, आणि चार नाही, त्या जातीचे मिळतील तेवढे अकरा घेतले. बटण दाबलं. अकरा रेघा उमटल्या, आणि तांबडी रेघ बाकीच्यांबरोबर वर चढत गेली.

"नर्सबाई, तुमचा हा आहे. वाढीचा. काकांनी तुम्हाला सांगितलं ते बरोबर होतं."

नर्सबाई स्क्रीनजवळ आल्या. "आणि तू मला लिहून दिलेला?"

"तो हा. दुसरा आला अकरांत. तुमचा चौथा. दोघांत वर्षाला एक टक्कासुद्धा फरक नाही."

"चौथा?" मागून काकांचा आवाज आला. ते दुखावल्यासारखे उठून पुढे आले. "मला वाटत होतं पहिला असेल. पहिले तीन कोण आहेत बघू."

दोघंतिघं हसले. पण कलगोंडा पाटील हसले नाहीत. ते निवृत्त फिटर, परवा फॉर्म मागणाऱ्यांतले एक, आणि कुठलाही नट अर्धवट पिळलेला त्यांना चालत नसे.

"ते समजलं," ते म्हणाले. "पण बाळगोंडाचा वाटा दर वर्षी निघाला म्हणतीस. तो कुणाच्या हातात गेला, ते कोण सांगणार? एजंटच्या का?"

मी अण्णांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ते मागितल्यासारखं झालं असतं. काकाही वहीकडे बघत होते. मला वाटलं, आता मलाही गप्प बसावं लागणार, परवा काका बसले तसं.

"माझ्या हातात आला," अण्णा म्हणाले.

ते उभे राहिले होते. काट्यावर बसून बसून त्यांना उभ्याने बोलायची सवय नव्हती. हात कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून त्यांनी ते पाठीमागे धरले.

"पैसे हिच्या आईचे. घरासाठी ठेवायचं वचन होतं. मी मुद्दल ठेवलं, पण वाढ घेतली. चार वर्षं हिची फी भरली. हिला बोनस म्हणून सांगितलं. शांतिनाथला मीच म्हणालो होतो, बोलायचं नाही. तो परवा एवढं ऐकून घेऊन बोलला नाही. तुम्हाला कुणाला काही म्हणायचं असेल तर मला म्हणा."

नर्सबाईंनी पदराने डोळे टिपले आणि काकांना म्हणाल्या, "तो फॉर्म फाडून टाका, उपाध्ये." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू मला हे बटण कुठं दाबायचं ते शिकव. परत कुणाच्या सांगण्यावरनं मी उठणार न्हाई आणि बसणार बी न्हाई."

त्या स्टुलाशी बसल्या. मी त्यांचं बोट धरून यादी उघडून दिली. काका त्यांच्या खांद्यावरून वाकले, चष्मा वर-खाली करत नावांची शेपटं मोठ्यांदा वाचायला लागले. वाचता वाचता त्यांना त्यांचा तो पाडव्याचा सूर लागला. माणसं हळूहळू पुढे सरकून स्टुलाभोवती गोळा झाली.

कलगोंडा पाटील मात्र अण्णांपाशी गेले होते. आमच्या फंडाची वाढीची रेघ त्यांनी नीट बघून ठेवली होती आणि मनातल्या मनात गुणाकारही केला होता.

"बाळगोंडा," ते म्हणाले, "तू पण वाढीचाच घेतला असतास तर आज घर उभं राहिलं असतं की रे."

"राहिलं असतं," अण्णा म्हणाले. त्यांनी स्टुलाकडे, गर्दीत अर्धवट दिसणाऱ्या माझ्याकडे मान वळवली. "पण मग तुला आज हे सगळं कुणी सांगितलं असतं?"

पाटलांनी क्षणभर विचार केला आणि अण्णांच्या पाठीवर थाप मारली. मला ते सगळं ऐकू आलं होतं, पण मी वर बघितलं नाही, कारण नर्सबाईंचं बोट चुकीच्या नावाकडे चाललं होतं.

"हां, थांबा," काका म्हणाले. "आधी शेवटचा शब्द वाचा. मग दाबा."